नॉर्वेजियन-अमेरिकन वारसा

नॉर्वेतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या स्थलांतरितांचे वंशज आणि त्यांनी जपलेली, बऱ्याच अंशी तेथेच घडवलेली सांस्कृतिक परंपरा. १८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत गेले. या काळाच्या आरंभी नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम दहा लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे स्थलांतराचा आवाका कळतो. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता युरोपात आयर्लंडच्या खालोखाल नॉर्वेचा क्रमांक लावला जातो. २००० च्या अमेरिकन जनगणनेत सुमारे ४५ लाख लोकांनी आपला वंश नॉर्वेजियन असल्याचे सांगितले. त्या वेळच्या नॉर्वेची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती. संख्येने सर्वाधिक वंशज मिनेसोटात असून लोकसंख्येतील प्रमाण नॉर्थ डकोटात सर्वाधिक, म्हणजे त्या जनगणनेनुसार सुमारे ३० टक्के होते. विस्कॉन्सिन, आयोवा, साउथ डकोटा आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन ही त्यांची इतर प्रमुख राज्ये होत.

आरंभ आणि त्याविषयीचा वाद : संघटित स्थलांतराचा आरंभ ‘रेस्टाउराशोन’ या छोट्या शिडाच्या जहाजापासून धरतात. ते १८२५ च्या जुलैत नैर्ऋत्य नॉर्वेतील स्टाव्हांगर बंदरातून निघाले व ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोचले. निघण्याची रूढ तारीख ४ जुलै असली तरी काही अभ्यासक ५ जुलै मानतात. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्यामुळे ती तारीख पुढच्या पिढ्यांच्या वक्त्यांना सोयीची वाटली असणार, एवढे ध्यानात ठेवून तिचा स्वीकार करावा. परंपरेनुसार जहाजावर ५२ माणसे चढली आणि ५३ उतरली, कारण वाटेत लार्स लार्सन गेइलाने या पुढाऱ्याच्या पत्नीला मुलगी झाली. प्रवाशांची प्रचलित यादी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हयात प्रवासी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणींवरून तयार झाली. ती दस्तऐवजाइतकी पक्की मानता येत नाही.

जहाज अवघे चाळीसेक टनांचे होते. मदेइराजवळ प्रवाशांना समुद्रात तरंगणारे दारूचे पिंप सापडले, ते रिचवून सारे सुस्त झाले आणि जहाज निशाणाशिवाय फुंशाल बंदरात शिरल्यामुळे त्यावर तोफा डागण्याची वेळ आली होती, अशी कथा सर्व जुन्या वृत्तांतांत येते. न्यूयॉर्कमधील प्रसंगाला मात्र कागदोपत्री आधार आहे. १८१९ च्या अमेरिकन कायद्यानुसार दर पाच टनांमागे दोनच प्रवासी आणता येत. त्या हिशेबाने या जहाजावरील प्रवासी कितीतरी अधिक होते. जहाज जप्त झाले, ३,१५० डॉलर दंड आकारला गेला व कप्तानाला अटक झाली. अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी १५ नोव्हेंबर १८२५ रोजी माफी दिल्याने प्रकरण मिटले. ‘स्लूप’ या प्रकारच्या छोट्या शिडाच्या जहाजावरून आलेले हे लोक पुढे ‘स्लूपर’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी न्यूयॉर्क राज्यात ओंटॅरिओ सरोवराकाठी केंडल येथे जमीन घेतली. जमीन दाट जंगलाची असल्याने १८३४ पासून त्यांच्यातील बरेच जण इलिनॉय राज्यातील फॉक्स नदीच्या खोऱ्याकडे सरकले.

हे लोक का निघाले, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ मतभेद आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्कँडिनेव्हियन अभ्यासाचे पहिले प्राध्यापक रासमुस ब. अँडरसन यांनी १८९५ मध्ये धार्मिक छळाचे कारण ठामपणे मांडले. त्याला आधार होता. लार्स लार्सन नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांचा कैदी असताना क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा झाला होता आणि १८१८ मध्ये स्टाव्हांगरला क्वेकर मंडळ स्थापन झाले होते. चर्चबाहेरील धर्मसभांवर बंदी घालणारा १७४१ चा हुकूम १८४२ पर्यंत कायम होता. शेतकऱ्यांत धर्मजागृती करणारा हान्स नील्सेन हाउगे याला त्याच हुकमाखाली दीर्घ कैद भोगावी लागली. क्वेकर लोकांना विवाह, दफन, मुलांचा बाप्तिस्मा अशा बाबतींत अधिकाऱ्यांचा जाच होता. परंतु जहाजावरील सगळेच क्वेकर नव्हते. त्यांत हाउगेचे अनुयायी होते, तसेच नातलग व शेजारी म्हणून सामील झालेलेही होते. शिवाय अँडरसन यांचे स्वतःचे घराणे याच प्रदेशातले होते. प्युरिटनांच्या ‘मेफ्लॉवर’ जहाजाशी बरोबरी साधणारी उगमकथा त्या पिढीला हवी होती, हेही विसरता येत नाही. इतिहासकार थिओडोर ब्लेगेन यांनी पुढे धार्मिक व आर्थिक कारणे एकत्र तोलली. नॉर्वेतील इतिहासकार इंग्रिड सेमिंगसेन यांनी लोकसंख्यावाढ आणि जमिनीची टंचाई यांवर भर दिला. पहिल्या जहाजापुरते धर्माचे कारण खरे मानावे आणि त्यानंतरच्या शतकाचा प्रवाह मुख्यतः जमिनीच्या ओढीने समजून घ्यावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

क्लेंग पेर्सोन (१७८३–१८६५) याची भूमिकाही अशीच वादग्रस्त आहे. ट्यूसव्हॅर येथील हा भटक्या वृत्तीचा माणूस १८२१ मध्ये अमेरिकेत जाऊन जमिनीची पाहणी करून आला. त्याला क्वेकरांनी धाडले होते की तो आपणहून गेला, याविषयी एकमत नाही. कुणी त्याला वाटाड्या म्हणतो, कुणी थापाड्या. तथापि केंडल, फॉक्स नदी आणि टेक्सास या तिन्ही ठिकाणच्या वसाहतींशी त्याचा संबंध होता, हे निर्विवाद आहे. टेक्सासच्या बॉस्की परगण्यात नॉर्स या गावी त्याची कबर असून १९८२ मध्ये राजा पाचवा ओलाव्ह याने तेथे भेट दिली होती.

प्रसार : नॉर्वेत लागवडीयोग्य जमीन सुमारे तीन टक्के. थोरल्या वारसाकडे शेत जाण्याची रीत असल्याने धाकट्यांना आणि ‘हुसमान’ या वेठीच्या बदल्यात झोपडी व तुकडाभर जमीन कसणाऱ्या कुळांना वाव नव्हता. बटाटा, देवीची लस आणि युद्धसमाप्ती यांमुळे लोकसंख्या झपाट्याने वाढली. अमेरिकेतून येणारी पत्रे गावोगाव मोठ्याने वाचली जात, त्यांच्या नकला फिरत. यादवी युद्धानंतर तीन मोठ्या लाटा दिसतात : १८६६–७३, १८७९–९३ आणि विसाव्या शतकाचे पहिले दशक. १८८२ या एकाच वर्षी २८ हजारांहून अधिक माणसे गेली. वस्त्या विस्कॉन्सिनमधील मस्किगो व कॉश्कोनाँग येथून आयोवा, मिनेसोटा व रेड नदीच्या खोऱ्यातून डकोटाकडे पसरल्या. १९२४ च्या कायद्याने परदेशी स्थलांतरितांवर कडक कोटा आला आणि हा ओघ आटला.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळे. ती जमीन रिकामी नव्हती. वसाहतींच्या जुन्या वृत्तांतांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो, म्हणून येथे त्याचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक वाटते. १८६२ च्या अमेरिका–डकोटा युद्धानंतर डकोटा या मूळ रहिवासी लोकांना मिनेसोटातून हद्दपार करण्यात आले आणि त्यांच्या भूमीवर स्कँडिनेव्हियन शेते उभी राहिली. ओजिब्वे लोकांच्या राखीव भूमीचे तुकडे पाडणारा १८८९ चा कायदा व्हॉस भागात जन्मलेल्या क्नूट नेल्सन यांच्या नावाने ओळखला जातो. नेल्सन पुढे मिनेसोटाचे गव्हर्नर व सिनेटर झाले. नॉर्थ डकोटातील स्पिरिट लेक राखीव क्षेत्र १९०४ मध्ये वसाहतीस खुले झाले. पुढच्या पंचवीस वर्षांत तेथे डकोटांपेक्षा स्कँडिनेव्हियनांच्या मालकीची जमीन अधिक झाली होती.

चर्च आणि शिक्षणसंस्था : ल्यूथरपंथी चर्च ही वारशाची पहिली चौकट. मस्किगोचे १८४४ मध्ये पूर्ण झालेले लाकडी चर्च आज सेंट पॉल येथील ल्यूथर सेमिनरीच्या आवारात आहे. नॉर्वेतील सरकारी चर्चचा दरारा मागे राहिल्याने अमेरिकेत पंथोपपंथ वाढले. एका टोकाला हाउगेचे साधेपण मानणारे होते, तर दुसऱ्या टोकाला शास्त्रशुद्धतेवर भर देणारी नॉर्वेजियन सिनड ही चर्चसंघटना. १८६१ मध्ये गुलामगिरी ही स्वतःहून पाप ठरत नाही, असे सिनडच्या पाद्र्यांनी बायबलच्या आधारे म्हटले, तेव्हा सामान्य शेतकरी सदस्य खवळले; क्लाउस क्लाउसेन या पाद्र्याने आधीची संमती मागे घेतली. त्याच काळात हान्स क्रिस्तियान हेग यांच्या नेतृत्वाखाली मुख्यतः स्कँडिनेव्हियनांची पंधरावी विस्कॉन्सिन पलटण उत्तरेकडून लढत होती. हेग १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत पडले. मॅडिसनमधील त्यांचा पुतळा २०२० च्या आंदोलनात पाडला गेला व २०२१ मध्ये पुन्हा उभारला गेला.

पाद्री व शिक्षक तयार करण्याच्या गरजेतून ल्यूथर (१८६१), ऑग्सबर्ग (१८६९), सेंट ओलाफ (१८७४) ही महाविद्यालये निघाली. वारशाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व धर्मशिक्षणाहून मोठे ठरले. ल्यूथर महाविद्यालयात १८७७ पासून जमवलेल्या वस्तूंतून आयोवातील डेकोरा येथील ‘व्हेस्टरहाइम’ हे संग्रहालय वाढले. नॉर्वेजियन-अमेरिकन ऐतिहासिक मंडळ १९२५ मध्ये स्थापन झाले व ते सेंट ओलाफ येथे आहे. तेथेच प्राध्यापक असलेले कादंबरीकार ओ. ए. रोल्व्हाग मंडळाचे पहिले सचिव होते. १९१७ मध्ये तीन मोठे पंथ एकत्र येऊन ‘नॉर्वेजियन ल्यूथरन चर्च ऑफ अमेरिका’ स्थापन झाले. १९४६ मध्ये त्याच्या नावातून ‘नॉर्वेजियन’ हा शब्द गळला.

भाषा : स्थलांतरितांची बोलभाषा आणि छापील भाषा यांत प्रथमपासून अंतर होते. घरात गावाकडची बोली, चर्चमध्ये व वृत्तपत्रांत डेन्मार्ककडून आलेली दानो-नॉर्वेजियन. १८४७ मध्ये विस्कॉन्सिनात ‘नूर्दलीसेट’ हे अमेरिकेतील पहिले नॉर्वेजियन वृत्तपत्र निघाले. शिकागोचे ‘स्कांदिनाव्हेन’ (१८६६–१९४१) आणि ‘डेकोरा-पोस्टेन’ (१८७४–१९७२) ही सर्वांत प्रभावी वृत्तपत्रे होत. पहिल्या महायुद्धातील परभाषाद्वेषाचा फटका बसला. आयोवाच्या गव्हर्नरांनी १९१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी, प्रार्थनेत, आगगाडीत व दूरध्वनीवरही इंग्रजीखेरीज इतर भाषा वापरण्यास मनाई केली होती. तरीही भाषा एकाएकी गेली नाही. दोन युद्धांच्या दरम्यान चर्चमधील इंग्रजी प्रवचने नॉर्वेजियन प्रवचनांना मागे टाकून गेली, तर घरातील बोली खेड्यांत आणखी एकदोन पिढ्या टिकली. आयोवात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ आइनार हाउगेन यांनी या बोलींचा केलेला अभ्यास (१९५३) द्विभाषिकतेच्या संशोधनात पायाभूत मानला जातो. विस्कॉन्सिनातील वेस्टबी व कून व्हॅली या परिसरांत एकविसाव्या शतकाच्या आरंभीही वृद्धांकडून या बोली ध्वनिमुद्रित करता आल्या. नॉर्वेत लोपलेली काही बोलीवैशिष्ट्ये त्यांत आढळल्याने ऑस्लो विद्यापीठाने त्यांचे संकलन केले.

बिग्द आणि बिग्देलाग : या वारशाची खरी किल्ली येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्थलांतरितांची मूळ निष्ठा नॉर्वे या राष्ट्रापेक्षा ‘बिग्द’वर, म्हणजे एका खोऱ्यातील वा फियोर्डकाठच्या गावपरिसरावर होती. अमेरिकेतही एकेका वस्तीत एकेका बिग्दचे लोक राहात. व्हाल्द्रेस खोऱ्यातल्या लोकांनी १८९९ मध्ये मिनीॲपोलिस येथे पहिला मेळावा भरवला आणि ‘व्हाल्द्रेस सांबांद’ ही पहिली बिग्देलाग, म्हणजे एका बिग्दच्या लोकांचे मंडळ, स्थापन केली. टेलेमार्क, हालिंगडाल, सोग्न यांच्या लाग तिच्या मागोमाग निघाल्या. वार्षिक मेळाव्यास ‘स्टेव्हने’ म्हणतात. तेथे बोलीत भाषणे होत, गावाकडची गाणी व हार्डांगर सारंगी वाजे, जुन्या वस्तीची हकीकत सांगितली जाई. काही चर्चपुढाऱ्यांनी ही फुटीरता मानली. वस्तुतः आठवणींचे संकलन, वंशावळी आणि वार्षिक अंक यांच्या रूपाने या संस्थांनी जे राखले, ते अन्य कोणी राखले नसते. आज सुमारे तीस लाग कार्यरत असून त्यांचे मुख्य काम वंशावळ-संशोधन हे आहे.

या संशोधनास नॉर्वेतील नामपद्धतीने विशिष्ट वळण दिले आहे. मुलाचे नाव बापाच्या नावावरून (ओलाचा मुलगा ओल्सेन) आणि त्यापुढे राहत्या शेताचे नाव, अशी रीत होती. शेत बदलले की नावही बदले. अमेरिकेत स्थिर आडनाव घेताना एकाच घरातील दोन भावांनी कधी बापाचे, तर कधी शेताचे नाव उचलले. अध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्टर माँडेल यांचे आडनाव सोग्नमधील मुंदाल या जागेवरून आले आहे. त्यामुळे चर्चच्या नोंदवह्या, १८६५ व १९०० च्या नॉर्वेजियन जनगणना आणि ‘बिग्देबोक’ हे गावचे शेतवार इतिहास ही साधने अपरिहार्य ठरतात. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या दोन साधनांतील बराच भाग विनामूल्य ऑनलाइन ठेवला आहे. मॅडिसन येथे १९७४ पासून या विषयाचे स्वतंत्र ग्रंथालय आहे.

बिग्देलागांच्याच संयुक्त पुढाकाराने १९२५ च्या जूनमध्ये मिनेसोटा राज्य जत्रेच्या मैदानावर स्थलांतराची शताब्दी साजरी झाली. अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी तेथे भाषण केले. टपालखात्याने दोन तिकिटे काढली : दोन सेंटच्या तिकिटावर छोटे शिडाचे जहाज, तर पाच सेंटच्या तिकिटावर १८९३ मध्ये बर्गनहून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनास आलेले व्हायकिंग जहाज. शेतकऱ्यांचे स्थलांतर आणि व्हायकिंगांचे सागरी धाडस हे दोन वेगळे धागे तेव्हापासून एकत्र विणले गेले.

व्हायकिंग दावा : लेइफ एरिकसन कोलंबसाच्या आधी अमेरिकेत पोहोचला, हा विचार अँडरसन १८७४ पासून मांडत होते. सागा-वाङ्मयाचा त्याला आधार होता, पुरातत्त्वीय पुरावा नव्हता. १८९८ मध्ये मिनेसोटातील केन्सिंग्टनजवळ एका स्वीडिश शेतकऱ्याला रूनलिपीतील शिलालेख सापडला. त्यात १३६२ चा उल्लेख असून आठ ‘गोट’ (दक्षिण स्वीडनमधील लोक) आणि बावीस नॉर्वेजियन प्रवाशांची हकीकत येते. यल्मार होलांद या नॉर्वेजियन-अमेरिकन लेखकाने १९०७ पासून आयुष्यभर त्याची बाजू लढवली. रूनतज्ज्ञ व भाषाशास्त्रज्ञ शब्दरूपे आणि अक्षरवळण यांवरून तो एकोणिसाव्या शतकातील बनावट मानतात, आणि ते मतच ग्राह्य आहे. अलेक्झांड्रिया येथील संग्रहालयात तो शिलालेख ठेवला असून स्थानिक अभिमानात त्याचे स्थान कायम आहे. १९६० मध्ये हेल्गे व आन्ने स्टीने इंग्स्ताद यांनी न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे खरी नॉर्स वस्ती शोधली. तेथील लाकडाची तोड १०२१ मधील असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निश्चित झाले. अमेरिकेत १९६४ पासून राष्ट्रीय स्तरावर पाळला जाणारा लेइफ एरिकसन दिन ९ ऑक्टोबरला येतो. ही तारीख लेइफच्या चरित्रातील नसून १८२५ चे जहाज न्यूयॉर्कला लागल्याची आहे.

कला, पोशाख व खाद्य : लाकडी वस्तूंवर वेलबुट्टीचे रंगकाम करण्याची रोसमालिंग ही कला स्थलांतरितांच्या पेट्यांवरून अमेरिकेत आली आणि जवळजवळ विसरली गेली. विस्कॉन्सिनातील स्टॉटन येथे गाड्यांच्या कारखान्यात रंगारी असलेल्या पेर लिस्ने (१८८०–१९४७) यांनी मंदीच्या काळात ताटे, पेट्या रंगवायला घेतल्या आणि तिचे पुनरुज्जीवन झाले. व्हेस्टरहाइमने १९६७ पासून स्पर्धा-प्रदर्शने भरवून नॉर्वेतील कलावंतांना शिकवण्यास बोलावले. आजची अमेरिकन शैली टेलेमार्क, हालिंगडाल व रोगालांद पद्धती ओळखते, परंतु रंगसंगतीत मोकळी आहे. बूनाद हा प्रादेशिक पोशाख मात्र बहुतेक स्थलांतरितांनी सोबत नेलेला नव्हता. हुल्दा गार्बोर्ग यांच्या प्रेरणेने नॉर्वेत त्याची चळवळ विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली, तेव्हा मोठ्या लाटा येऊन गेल्या होत्या. पणतवंडांनी तो नॉर्वेकडून नव्याने घेतला.

खाद्यपदार्थांत लेफ्से व लूटेफिस्क ही ओळखीची चिन्हे झाली. उकडलेल्या बटाट्याच्या कणकेची लेफ्से खाचांच्या लाटण्याने लाटून, लांब चपट्या काठीने मोठ्या तव्यावर उलटतात. दिसायला ती आपल्या पातळ पोळीसारखी असली तरी लोणी व साखर लावून गुंडाळून खातात. लूटेफिस्क म्हणजे वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात फुगवून, धुऊन शिजवलेला पदार्थ. शरद ऋतूत चर्चच्या तळघरात होणारी लूटेफिस्कची जेवणे ही मिनेसोटा व विस्कॉन्सिनमधील खास संस्था आहे. नॉर्वेत हा नाताळाच्या सुमाराचा पदार्थ, तर येथे तो सामुदायिक निधी उभारण्याचे साधन झाला. वाढणारे, भांडी घासणारे, तिकिटे फाडणारे सारे स्वयंसेवक असतात, आणि त्यांत नॉर्वेजियन रक्ताचा अंशही नसलेले शेजारी पुष्कळ असतात.

आधुनिक स्थिती : १९७९ मध्ये समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी मांडलेल्या ‘प्रतीकात्मक वांशिकता’ या कल्पनेनुसार, तिसऱ्या-चौथ्या पिढीची ओळख सणवार व वस्तूंपुरती, खर्च न पडणारी असते. नॉर्वेजियन-अमेरिकनांना ही कल्पना बऱ्यापैकी लागू पडते. बहुतेकांचे पूर्वज मिश्र आहेत आणि त्यांना नॉर्वेजियन भाषा येत नाही. पण रोसमालिंग शिकण्यात वर्षे घालवणारे, किंवा गावच्या नोंदवह्या वाचण्यासाठी गॉथिक हस्ताक्षर शिकणारे लोक पाहिले की ‘खर्च न पडणारी’ हे विशेषण अपुरे वाटते. परस्पर विमा मंडळ म्हणून १८९५ मध्ये मिनीॲपोलिस येथे सुरू झालेली ‘सन्स ऑफ नॉर्वे’ ही संस्था आता भाषावर्ग व शिष्यवृत्त्याही चालवते. १७ मे हा १८१४ च्या नॉर्वेजियन राज्यघटनेचा दिवस स्टॉटन, वेस्टबी, स्प्रिंग ग्रोव्ह येथे गावजत्रेसारखा साजरा होतो. डेकोरा येथील नॉर्डिक फेस्ट (१९६७ पासून) आणि नॉर्थ डकोटातील मायनॉट येथील हॉस्टफेस्ट (१९७८ पासून) हे मोठे उत्सव आहेत. मिनेसोटातील मूरहेड येथे शाळेतील समुपदेशक रॉबर्ट ॲस्प यांनी बांधलेले ‘येमकोम्स्ट’ हे व्हायकिंग पद्धतीचे जहाज त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ मध्ये, त्यांच्या मुलांसह डलूथहून बर्गनला गेले. ते आता मूरहेडच्या संग्रहालयात आहे.

या वंशातील व्यक्तींत अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन, सायक्लोट्रॉनचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स, सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांचा उल्लेख होतो. भारतीय वाचकास परिचित नाव नॉर्मन बोरलॉग (१९१४–२००९) यांचे. ते आयोवातील क्रेस्कोजवळच्या नॉर्वेजियन शेतकरी वस्तीत वाढले. त्यांच्या बुटक्या गव्हाच्या वाणांनी १९६० च्या दशकात भारतातील हरितक्रांतीस चालना दिली. त्यांना १९७० चे नोबेल शांतता पारितोषिक ऑस्लो येथेच मिळाले आणि भारताने २००६ मध्ये पद्मविभूषण दिले.

मध्यपश्चिमेबाहेर वारशाचे स्वरूप शेतीपेक्षा समुद्राशी जोडलेले आहे. ब्रुकलिनमधील बे रिज हा खलाशी, गोदीकामगार व सुतारांचा भाग होता. तेथे १७ मेची मिरवणूक अजून निघते. सिॲटलमधील बॅलार्ड ही हॅलिबट मासेमारीच्या ताफ्याची वस्ती असून तेथील नॉर्डिक संग्रहालय २०१८ मध्ये नव्या वास्तूत गेले. अलास्कातील पीटर्सबर्ग हे गाव पेटर बुशमान या नॉर्वेजियनाने मासे डबाबंद करण्याच्या कारखान्याभोवती वसवले.